ओंबीचा कणा आणि दगडाचा खांब: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेतीच्या उगमाबद्दलचा मजकूर आला आणि त्यावर बरीच पत्रं आली. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपेपासून विदर्भातल्या शिळावर्तुळांपर्यंत प्रश्न आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: शाळेत शिकलो, माणूस आधी शेती करू लागला, मग गाव वसलं आणि मग देऊळ आलं. आता वाचतो की देऊळ आधी आणि शेती नंतर. यातलं खरं काय? (नाशिक)

‘देऊळ आधी’ हे म्हणणं गोबेक्ली टेपेच्या उत्खननातून पुढे आलं. आग्नेय तुर्कस्तानात शानलिउर्फा शहराच्या ईशान्येला साधारण पंधरा किलोमीटरवर ही टेकडी आहे. टेकडी म्हणतो खरं, पण ती माणसांनीच भर घालून तयार झालेलं पांढरीचं टेकाड आहे, जवळपास १५ मीटर उंच. १९६३ च्या पाहणीत तिची नोंद झाली होती, पण वर दिसणारे दगड नंतरच्या काळातल्या कबरींचे असावेत असं समजून कोणी खणलं नाही. १९९५ पासून क्लाउस श्मिट या जर्मन पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं आणि इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे चुनखडीचे खांब निघाले. सर्वांत उंच खांब साडेपाच मीटरचे आहेत. काळ इ.स.पू. ९५०० ते ८०००.

तिथे सापडलेली हाडं रानटी जनावरांची आहेत: गझेल (आपल्या चिंकाऱ्याच्या जवळचं हरीण), रानबैल, रानगाढव, रानडुक्कर. पाळीव जनावर नाही, पेरलेलं धान्य नाही. म्हणून श्मिट यांनी मांडलं की शिकारीवर जगणाऱ्या टोळ्या इथे धार्मिक कामासाठी जमत. शेकडो माणसं जमवायची तर त्यांना खाऊ घालावं लागे, आणि त्या गरजेतून शेती आली.

२०१४ साली श्मिट गेले. त्यानंतरच्या कामाने या मांडणीचा अर्धा भाग बदलला आहे. टेकडीवर राहती घरं होती, पावसाचं पाणी साठवायला खडकात खोदलेली टाकी होती, आणि धान्य भरडण्याची दगडी साधनं तर सात हजारांहून जास्त मिळाली आहेत. यातली बरीचशी काळ्या बसाल्टची आहेत, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्याच्याच दगडाची. त्यांवरची झीज तपासली तेव्हा कळलं की पीठ करण्यापेक्षा भरडण्याचं काम जास्त झालेलं आहे. दाणे जाडसर भरडून लापशी करत असणार. मोठाल्या दगडी कुंड्याही आहेत, सर्वांत मोठ्यांत दीडशे लिटरच्या वर मावेल अशा. त्यात आंबवलेलं पेय करत असावेत, असा अंदाज आहे. तो अजून अंदाजच आहे.

तेव्हा उत्तर असं: तिथली माणसं रानटी गहू-जव भरपूर खात होती, निदान वर्षाचा काही भाग एका जागी राहत होती आणि त्याच काळात खांबही उभारत होती. यात आधी-नंतरची रांग लावता येत नाही. आमची एक विनंती आहे, ‘देऊळ’ हा शब्द इथे बेताने वापरावा. आपल्याकडे देऊळ म्हटलं की मूर्ती, पुजारी, नैवेद्य सगळं मनात येतं. गोबेक्ली टेपेच्या गोल वास्तूंत भिंतीलगत दगडी ओटे आहेत, ओट्यांच्या मधेमधे खांब, आणि मध्यभागी दोन मोठे खांब समोरासमोर. त्या मधल्या खांबांना कोरलेले हात आहेत, पोटाशी टेकलेली बोटं आहेत, कमरेला पट्टा आहे आणि अभ्यासकांनी ‘ड’ नाव दिलेल्या वास्तूतल्या एका खांबाच्या पट्ट्याला कोल्ह्याचं कातडं लटकतं आहे. तोंड मात्र कोरलेलं नाही. म्हणजे ही माणसंच आहेत, पण बिनचेहऱ्याची. भोवती ओट्यांवर जिवंत माणसं बसायची. पारावर किंवा चावडीत बसतात तशी बैठक डोळ्यांपुढे आणली, तर ती या जागेच्या जास्त जवळ जाते.

प्रश्न: चाक नाही, बैल नाही, लोखंड नाही. मग दहा टनांचा दगड काढला कसा आणि हलवला कसा? (इचलकरंजी)

आधी काढण्याचं. तिथली चुनखडी थराथरांची आहे. दोन थरांमध्ये नैसर्गिक सांध असते, त्यामुळे दगड खालून तोडावा लागत नाही. वरच्या बाजूला खांबाचा आकार आखायचा, भोवती चर खोदायचा, चर सांधेपर्यंत पोचला की लाकडी पहारी घालून उचकटायचा. हत्यारं गारगोटीच्या जातीच्या चकमक दगडाची. चुनखडी त्या मानाने मऊ, त्यामुळे काम चालतं. जवळच्या खाणीत सुमारे सात मीटर लांबीचा एक खांब अर्धवट कोरून सोडलेला आजही पडून आहे. तो निघाला असता तर वजन पन्नास टनांच्या घरात गेलं असतं. खाणी त्याच पठारावर आहेत, म्हणजे वाहतूक कोसांची नव्हती.

आता ओढण्याचं. २०१६ साली लंडनमध्ये विद्यापीठाच्या मंडळींनी एक प्रयोग केला. एक टनाचा दगड लाकडी घसरगाडीवर बांधला, खाली ओंडके आडवे टाकले आणि दहा माणसांनी तो ताशी दीड किलोमीटरच्या वेगाने सहज ओढला. तोच हिशोब धरला तर दहा टनांना शंभर माणसं लागतील. चढ असेल तर जास्त. दोर तुटणं, ओंडका चेपून गाडी तिरकी होणं आणि उतारावर दगड अंगावर येणं, हे तीन धोके. म्हणून उतारावर माणसं पुढे कमी आणि मागे दोर धरून जास्त ठेवावी लागतात. हे नुसतं कागदावरचं नाही. नागालँडमध्ये अंगामी नागांच्या गावांत दोन फाट्यांच्या झाडाच्या बुंध्याची घसरगाडी करून अख्खं गाव दगड ओढतं, तो पाहण्यासारखा प्रकार आहे.

उभं करण्यात एक कोडं आहे. गोबेक्ली टेपेच्या मधल्या खांबांसाठी खडकात कोरलेल्या खोबणी वीतभरही खोल नाहीत. एवढ्या उथळ खोबणीत साडेपाच मीटरचा खांब स्वतःच्या बळावर भरवशाने उभा राहायचा नाही. त्याला वरून आधार हवा. म्हणून या वास्तूंवर छप्पर होतं आणि खांब त्याला जखडलेले होते, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

प्रश्न: जळका गव्हाचा दाणा पाहून तो रानातला की पेरलेला हे कसं ओळखतात? (सांगली)

सांगलीहून हा प्रश्न आला याचा आनंद झाला, कारण याचं अर्धं उत्तर तुमच्याकडच्या खपली गव्हातच आहे.

ओळख दाण्यापेक्षा ओंबीच्या कण्यावरून पटते. रानटी गहू पिकला की कण्याच्या प्रत्येक पेराशी एक कमकुवत थर तयार होतो आणि दाणे तुसासकट एकेक करून गळून पडतात. त्या गळालेल्या तुकड्याला दोन लांब कुसळं असतात. दिवसा हवा कोरडी झाली की कुसळं बाहेर वाकतात, रात्री दवाने पुन्हा सरळ होतात. रोजच्या या हालचालीने बी आपोआप मातीत घुसतं. झाडाला हे सोयीचं, कापणाऱ्याला मात्र गैरसोयीचं, कारण ओंबीला हात लावला की दाणे मातीत.

काही झाडांत मात्र जनुकातल्या बदलामुळे तो कमकुवत थर होतच नाही. ओंबी पिकूनही अखंड राहते. रानात अशा झाडाचा वंश वाढत नाही, पण विळ्याने कापणारा माणूस नेमक्या याच ओंब्या जास्त घरी नेतो. त्यातलेच दाणे पुढच्या वर्षी पेरले की अशा झाडांचं प्रमाण वाढत जातं. कोणी ठरवून केलेली ही निवड नव्हे, कापणीच्या पद्धतीने घडलेली आहे. यातही अटी आहेत. ओंबी हिरवी असताना कापली, किंवा टोपलीत झोडून दाणे पाडले, तर अखंड ओंबीला काहीच फायदा मिळत नाही. शिवाय कापलेलं बी वेगळ्या जागी पेरायला हवं. त्याच रानात पेरलं तर गळालेलं रानटी बी पुन्हा मिसळतं. म्हणूनच हा बदल दोन-चार पिढ्यांत झाला नाही. उत्खननातले पुरावे पाहता त्याला दोन-तीन हजार वर्षं लागली.

आता भिंगाखाली पाहू. रानटी ओंबीचा तुकडा स्वतःहून गळालेला असतो, त्याचा व्रण गुळगुळीत, पिकून गळालेल्या पानाच्या देठासारखा. पेरलेल्या गव्हाचा कणा मळणीत मोडलेला असतो, त्याचा व्रण खरखरीत आणि फाटका. चूक होते ती इथे: रानटी ओंबीतही अगदी खालचे तुकडे घट्ट असतात आणि कच्ची ओंबी कापली तर व्रण फाटकाच दिसतो. रानटी जवात दहा टक्क्यांपर्यंत फाटके व्रण मिळू शकतात. म्हणून पाच-सहा तुकडे पाहून निकाल देऊ नये. शेकडो तुकडे मोजून प्रमाण पाहावं.

खपली हा याच जुन्या घराण्यातला गहू. त्याचा कणा गळत नाही, पण तूस दाण्याला घट्ट धरून ठेवतं. मळणी केली की मोकळे दाणे न मिळता तुसातल्या जोड्या मिळतात, त्या पुन्हा कांडाव्या लागतात. पश्चिम आशियात सर्वांत आधी पेरलेल्या गव्हांपैकी एक जात हीच. दुसरी एकदाणी जात. गोबेक्ली टेपेजवळच्या कराजादाग डोंगरातल्या रानटी एकदाणी गव्हाचा डीएनए आजच्या पेरल्या जाणाऱ्या एकदाणी गव्हाशी सर्वांत जास्त जुळतो, हे १९९७ साली दाखवलं गेलं. त्याच परिसरात १९६० च्या दशकात जॅक हारलान या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने चकमकीच्या विळ्याने रानटी गहू कापून पाहिला. तासाभरात स्वच्छ दाणे किलोभर भरले. म्हणजे तीन आठवडे राबलं तर कुटुंबाच्या वर्षाच्या खाण्यापेक्षा जास्त धान्य गोळा होतं. एवढं मोफत मिळत असताना पेरायचे कष्ट का घेतले, हा खरा अवघड प्रश्न. आमच्या मते उत्तर साठवणीत आहे. एकदा कणगी भरली की ती सोडून जाता येत नाही, आणि एका जागी राहणाऱ्या घरात मुलं वाढली की रानातलं पुरत नाही.

मातीतून हे जळके तुकडे मिळवण्याची रीतही काही जणांनी विचारली आहे. माती लिटरमध्ये मोजून घ्या, सावलीत वाळवा, पाण्याच्या पिंपात हळूहळू सोडून हलकेच ढवळा. जळकं बी तरंगतं. ते पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर धरा आणि फडक्यात बांधून सावलीतच वाळवा. उन्हात टाकलं तर दाणे तडकून भुगा होतो. आपली काळी माती चिकट, तिची ढेकळं पाण्यात फुटत नाहीत आणि दाणे आत अडकून बुडतात. अशा वेळी पाण्यात खाण्याचा सोडा टाकून माती काही तास भिजवतात.

प्रश्न: दगडाचं वय कार्बन पद्धतीने निघतं का? (ठाणे)

नाही. कार्बन-१४ चाचणी एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टीची होते: बी, हाड, कोळसा. त्यातला किरणोत्सारी कार्बन दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. दगडी खांबाचं वय काढायचं तर भिंतीच्या गिलाव्यात किंवा पायाखाली अडकलेला जैविक पदार्थ शोधावा लागतो. मोठ्या वाशाचा कोळसा फसवतो, कारण झाडाच्या गाभ्याचं लाकूड बांधकामापेक्षा दोन-तीनशे वर्षं जुनं असू शकतं. एका हंगामात तयार झालेला दाणा उत्तम. पण दाणा उंदराच्या बिळातून खाली गेलेला नाही ना, हे खणतानाच पाहायला हवं. प्रयोगशाळेत ती चूक दुरुस्त होत नाही.

प्रश्न: गोबेक्ली टेपेच्या गिधाडाच्या खांबावर तारकांचा नकाशा आहे म्हणतात. (पणजी)

त्या खांबावर गिधाड, विंचू, साप आणि बिनडोक्याचा माणूस आहेत. चित्र आणि तारे जुळवण्यासाठी कोणतं चित्र कोणतं नक्षत्र हे आधीच गृहीत धरावं लागतं, त्यामुळे हा पुरावा ठरत नाही. बिनडोक्याच्या माणसाला मात्र जोड मिळते. तिथल्याच तीन कवट्यांवर चकमकीने मुद्दाम पाडलेल्या खोल चिरा आहेत, एकीला भोकही आहे. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या काळात पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोत कवट्यांवर लेप देऊन चेहरे घडवले आणि डोळ्यांच्या जागी शिंपले बसवले. मृताचं डोकं वेगळं काढून जवळ ठेवणं, ही त्या प्रदेशात हजारो वर्षं टिकलेली रीत आहे.

प्रश्न: कोकणातली कातळशिल्पं याच काळातली का? (राजापूर)

जांभ्याच्या सड्यावर कोरलेल्या रेषांमध्ये कार्बन चाचणीला लागणारं काही अडकून राहत नाही, त्यामुळे त्यांचं थेट वय अजून काढलेलं नाही. हत्ती, वाघ, मासे दिसतात. नांगर, पीक, बैलगाडी दिसत नाही. त्यावरून ती शेतीपूर्व समाजाची असावीत असं मानतात. गोबेक्ली टेपेशी संबंध जोडायला काही आधार नाही.

प्रश्न: इनामगावात मेलेल्या माणसांचे पाय तोडून घरातच पुरत, हे खरं आहे का? एवढं क्रूर का? (शिरूर)

खरं आहे, पण क्रूर म्हणायला आम्ही तयार नाही. घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलं. वस्ती इ.स.पू. १६०० ते ७०० ची. मुख्य पीक जव, गहू त्या मानाने कमी. धान्य पेवांत आणि कणग्यांत साठवत.

लहान मूल गेलं की दोन रुंद तोंडाचे रांजण घ्यायचे, मूल त्यात ठेवायचं, रांजणांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि आडवे करून घराच्या जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं ठेवून घोट्याखालचे पाय काढून घेत. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून हे करत असावेत, असं उत्खनन करणाऱ्यांनी सुचवलं. ज्यांच्या अंथरुणाखाली त्यांची मुलं पुरलेली आहेत, त्यांना मृतांची भीती वाटत असेल असं आम्हाला वाटत नाही. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घरात तर चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला प्रौढ पुरुष मिळाला. त्याचे पाय तोडलेले नाहीत.

याच गावात मातीची एक लहान लांबट डबी मिळाली. आत बिनडोक्याची कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती होती. झाकणावर तशीच आणखी एक मूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला छिद्र, मूर्तीच्या पोटाला छिद्र. दोन्हींत काडी खोवली की ती बाई बैलावर नीट बसते. पुढच्या काळात गहू-जव घटले, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचं अवलंबन वाढलं. पाऊस कमी झाल्याने शेती हटली, असं याचं कारण देतात.

प्रश्न: आमच्या शेतात मोठ्या दगडांचं गोल रिंगण आहे. खाली धन असतं म्हणतात. रिंगण काढून बांधाला दगड लावावेत का? (नागपूर जिल्हा)

कृपा करून लावू नका. आधी ते शिळावर्तुळ आहे का ते पाहा. शेतातून वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग धुऱ्यावर असतो, त्यात लहानमोठे सगळे दगड असतात. शिळावर्तुळात मोठे, साधारण एका मापाचे दगड एकमेकांना लागून बसवलेले असतात. रिंगण आठ-दहा मीटरपासून वीस मीटरपर्यंत रुंद असतं, आतला भाग गोटे आणि मुरमाने भरलेला, भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच. सहसा एक नसतं, जवळपास आणखी असतात. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे आहेत. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले असतात.

ही लोहयुगातली दफनं आहेत, ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० ची. म्हणजे गोबेक्ली टेपे आणि जुनापाणी यांच्यातलं अंतर हे जुनापाणी आणि आपल्यातल्या अंतराच्या तिप्पट आहे. शेती तोवर जुनी झाली होती. नायकुंडला त्या लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. माहुरझरीला पुरलेल्या घोड्याच्या तोंडावर तांब्याचे अलंकार मिळाले. आत निघतात ती काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, कार्नेलियनचे (तांबड्या अकीकाचे) मणी आणि हाडांचे तुकडे. सोन्याचा हंडा नसतो. मडकं कशाशेजारी होतं, कुऱ्हाडीचं तोंड कुठे होतं यावरूनच सगळं कळतं. एकदा उकरलं की मणी हाती येतो, माहिती जाते.

काय करावं ते सांगतो. रिंगणावर मीटरभराची काठी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा. मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवा. व्यास दोन दिशांनी मोजा. दगड उलटू नका, शेंदूर-चुना लावू नका, त्याखाली खळगे झाकले जातात. तेवढ्या भागात ट्रॅक्टरची खोल नांगरट आणि जेसीबी टाळा. बखराची वरवरची पाळी चालते, पण रिंगणाबाहेरूनच. मुरमासाठी तर मुळीच खोदू देऊ नका. विदर्भातली कितीतरी वर्तुळं मुरमापायी गेली आहेत. मग तहसीलदारांना लेखी कळवा आणि प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला पाठवा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पोच घ्या आणि ती सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवा, म्हणजे पुढे जमीन वाटणीला आली तरी त्या रिंगणाची नोंद घरात राहील.